मोठ्या शहरांची क्रमवारी लावताना मोजपट्टी नागपूरची ठेवा

"मुंबई भारी की दिल्ली?" हा प्रश्न नागपुरात बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, कुठल्याही टपरीवर टाकून बघा, चहा संपला तरी निकाल लागत नाही. एकाने मुंबई जुलैत पाहिलेली असते, तीही डोंबिवलीला मामाकडे राहून. दुसऱ्याने दिल्ली फेब्रुवारीत पाहिलेली असते, ऑफिसच्या खर्चाने. दोघंही खरंच सांगतात, पण एकाचं माप शेर आणि दुसऱ्याचं पायली. पाहिलेल्या शहरांची क्रमवारी खरोखर उपयोगी पडावी, म्हणजे पुढच्या सुटीत कुठे जायचं आणि आई-वडिलांना कुठे न्यायचं हे तिच्यावरून ठरवता यावं, असं वाटत असेल तर सगळ्या शहरांना एकच मोजपट्टी लावावी लागते. नागपूरकराला ती विकत आणायची गरज नाही. आपलं शहर हीच मोजपट्टी.

आधी नागपूर पाहुण्यासारखं पाहा

एक पूर्ण दिवस काढा. स्वतःची गाडी घरी ठेवा आणि रेल्वे स्टेशनवर आत्ताच उतरल्यासारखं बाहेर या. घड्याळ लावा. स्टेशनजवळून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन धरून चितारओळी चौकात उतरा आणि तिथून महालातल्या गांधी गेटपर्यंत चालत जा. परत सीताबर्डी इंटरचेंजला या. अजब बंगल्यात तासभर घालवा. हे संग्रहालय १८६३ पासूनचं आहे, आणि नागपूरच्याच कितीतरी लोकांनी ते शाळेच्या सहलीनंतर पाहिलेलं नसतं. दुपारचं जेवण बाहेर, संध्याकाळी धरमपेठेत किंवा फुटाळा तलावावर फेरी, आणि रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या ऑटोने परत.

या दिवसभरात जे लिहाल ते तुमचं 'नागपूर = ३'. पाचपैकी तीन. पुढे प्रत्येक शहराला गुण देताना एवढंच विचारायचं: हे नागपूरपेक्षा बरं, तसंच, की वाईट? बिनआधाराचे चार आणि साडेचार गुण दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाहीत, पण "बर्डीपेक्षा गर्दी जास्त, तरी चालायला सोपं" हे दहा वर्षांनीही कळतं.

क्रमवारी लावण्यासाठी नागपूरची जागाही सोयीची आहे. रेल्वेने मुंबई सुमारे ८४० किलोमीटर, दिल्ली आणि चेन्नई प्रत्येकी सुमारे १,०९०, हावडा सुमारे १,१३०. चारही महानगरं साधारण एका रात्रीच्या अंतरावर. पुणेकराला मुंबई शेजारची आणि कोलकाता परमुलुख, त्यामुळे त्याचे गुण अंतरानेच झुकतात. आपल्याकडे हा झुकाव कमी राहतो.

प्रवासाचे तास वेगळे लिहा, गुणांत मिसळू नका

शहर कसं आहे आणि शहरात पोहोचायला किती त्रास झाला, या दोन गोष्टी बहुतेक लोक एकत्र करतात. गाडी पाच तास उशिरा पोहोचली की त्या शहराचं नाव कायमचं खराब होतं. म्हणून प्रवासाचा रकाना वेगळा ठेवा आणि त्यात फक्त जागेपणीचे तास धरा. रात्री नागपुरात गाडीत झोपून सकाळी मुंबईत उतरलात तर घरापासून हॉटेलपर्यंत जागेपणीचे चार-पाचच तास गेले. विमान मुंबईला दीड तासात पोहोचतं, पण घरून सोनेगाव विमानतळ, तिथे दीड-दोन तास आधी हजर राहणं, मुंबईत उतरून सामान घेऊन मुक्कामी जाणं हे सगळं धरलं की तेवढेच तास निघतात, आणि तेही दिवसाचे. अजनी–पुणे वंदे भारत सुखाची आहे, पण ती दिवसा धावते आणि सुमारे बारा तास घेते, म्हणजे एक पूर्ण दिवस तिच्या नावावर लिहायचा. सिकंदराबादची वंदे भारत पहाटे निघून सात-साडेसात तासांत पोहोचवते. तिथे अर्धा दिवस जातो, संध्याकाळ हातात राहते.

काय मोजायचं

सहा गोष्टी पुरतात: शहरातला प्रवास, पायी चालणं, खाणं, बघण्यासारखं, खर्च आणि रात्री मुक्कामी परतणं. यापेक्षा जास्त रकाने केले की तिसऱ्या दिवशी वही बॅगेतून बाहेर येत नाही.

शहरातल्या प्रवासाची चाचणी सगळीकडे एकच ठेवा. मुख्य स्टेशनपासून आठ ते दहा किलोमीटरवरचं एक ठिकाण निवडा, एकदा सकाळी साडेनऊला आणि एकदा दुपारी साडेबाराला तिथे जा. वाट पाहण्याची मिनिटं, प्रवासाची मिनिटं, किती वेळा गाडी बदलली आणि किती वेळा भाव करावा लागला, हे चार आकडे लिहा. सकाळी ४० मिनिटांच्या आत, एकदाच बदलून आणि भाव न करता पोहोचलात तर ५ गुण. तासभर लागला तर ३. सव्वा तासाच्या वर गेला किंवा दोनदा हुज्जत घालावी लागली तर १. मधले गुण तुमच्या अंदाजाने.

या चाचणीत शहरांचे स्वभाव चांगले उघडे पडतात. दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२ पासून वाढत आली आहे, नवी दिल्ली स्टेशनला यलो लाइन आणि एअरपोर्ट एक्सप्रेस दोन्ही मिळतात, त्यामुळे सकाळ आणि दुपार यांतला फरक कमी निघतो. कोलकात्याची मेट्रो देशातली पहिली, ऑक्टोबर १९८४ ची. मार्च २०२४ पासून हावड्याहून हुगळीच्या खालून थेट एस्प्लनेडला जाता येतं. तरी एकदा फेरीबोटीने नदी ओलांडाच, पुलावरच्या वाहतुकीत अडकावं लागत नाही आणि हावडा पूल पाण्यातून दिसतो. मुंबईत लोकल वेगवान आहे, पण सामान घेऊन सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या दिशेने चढायला जाऊ नका. तशा वेळी लोकलला १ गुण द्याल आणि दुपारच्या लोकलला ५, आणि दोन्ही बरोबर असतील. म्हणून तर दोन वेळांची चाचणी. मुंबईत आणखी एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते: ऑटोरिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला जात नाहीत, तिथून पुढे टॅक्सी, बस किंवा रेल्वे. बंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून ३५ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे तिथे विमानाने वाचवलेला वेळ रस्त्यात जातो.

नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड जवळ असू द्या. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू या मेट्रोंत ते चालतं, आणि तिकिटाच्या रांगेची दहा मिनिटं चाचणीत घुसत नाहीत.

एक किलोमीटरची चाल

सहांपैकी सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. जुन्या बाजारात एक किलोमीटर मोजून चाला, मोबाइलवर अंतर लावून. साध्या चालीने १२ ते १३ मिनिटं लागायला हवीत. चालताना एका हाताच्या बोटांवर मोजा, फूटपाथ सोडून रस्त्यावर किती वेळा उतरावं लागलं: पार्क केलेली गाडी, दुकानाचा माल, उघडी नाली, तुटलेली फरशी, काहीही कारण असो. बोटं एकदा संपली की दुसऱ्या हातावर. शिवाय तीन गोष्टी शोधा: बसायला सावलीतली जागा, प्यायचं पाणी आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह. पाचपेक्षा कमी वेळा उतरलात आणि तिन्ही गोष्टी मिळाल्या तर ५. दहापर्यंत आणि दोन गोष्टी मिळाल्या तर ३. वेळ वीस मिनिटांच्या वर गेला आणि स्वच्छतागृह सापडलंच नाही तर १. बरोबर म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर या रकान्याचं वजन सगळ्यात मोठं ठेवा. पंचाहत्तरीच्या आजीला किल्ला किती भव्य आहे याच्याशी देणंघेणं नसतं, बाक कुठे आहे याच्याशी असतं.

मोठ्या शहराचा आपण तुकडाच पाहतो. म्हणून तुकडेही सारख्या जातीचे निवडा: एक जुना बाजार, एक नवा व्यापारी भाग, एक राहती वस्ती. नागपुरात इतवारी-महाल, सदर, धरमपेठ. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट-भुलेश्वर, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर-माटुंगा. दिल्लीत चांदणी चौक, कॅनॉट प्लेस, लाजपत नगर. कोलकात्यात बडा बाजार, न्यू टाऊन, गरियाहाट. हैदराबादेत चारमिनारजवळचा लाड बाजार, हायटेक सिटी, हिमायतनगर. बंगळुरूत चिकपेट, एम. जी. रोड, मल्लेश्वरम. चांदणी चौकाची तुलना हायटेक सिटीशी केली तर दोन्ही शहरांवर अन्याय होतो, आणि ही चूक हमखास होते, कारण पहिल्यांदा दिल्लीला जाणारा जुन्या भागात फिरतो आणि हैदराबादला कामासाठी गेलेला काचेच्या इमारतींतून बाहेरच पडत नाही.

खाणं आणि खर्च

खाण्याचे गुण देताना आपल्या तर्री-पोह्यांची आठवण बाजूला ठेवा. "पोहे मिळाले नाहीत" हा दोष शहराचा नाही. सकाळी साडेआठ-नऊला नोकरदार माणूस उभ्या-उभ्या काय खातो ते शोधा आणि तेच खा: बंगळुरूत दर्शिनीतली (उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलातली) इडली-वडा आणि कॉफी, चेन्नईत पोंगल आणि फिल्टर कॉफी, कोलकात्यात कचुरी आणि आलूची तरकारी, जुन्या दिल्लीत बेडमी पुरी, हैदराबादेत इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट, मुंबईत वडापाव. मुक्कामापासून दहा मिनिटांच्या चालीत असं ठिकाण मिळतं का, ताटं कशी धुतात, आणि शाकाहारी माणसाला विचारत फिरावं लागतं का, यावर गुण. नागपुरी सावजी जेवणाचा तिखटपणा सवयीचा असलेल्याला दक्षिणेतलं किंवा बंगालातलं जेवण पहिल्या दिवशी फिकं वाटतं. म्हणून खाण्याचे गुण तिसऱ्या दिवशी द्या, पहिल्या दिवशी नाही.

खर्च रुपयांत लिहिला की दोन वर्षांत बाद होतो. त्याऐवजी एक टोपली ठरवा: दोघांसाठी एसी खोली एक रात्र, दोन वेळचं साधं जेवण, चार चहा, पाच किलोमीटर ऑटो किंवा टॅक्सी, एक संग्रहालय. तीच टोपली त्याच महिन्यात नागपुरात केवढ्याला पडते ते काढा आणि भागाकार करा. समजा नागपुरात २,५०० आणि तिकडे ४,०००, तर त्या शहराचा आकडा १.६. एकच्या खाली ५ गुण, सव्वापर्यंत ४, दीडपर्यंत ३, दोनपर्यंत २, वर १. या एका चाचणीत 'नागपूर = ३' धरू नका, इथे नागपूर स्वतःच १.० आहे. नातेवाइकांकडे राहिला असलात तरी त्या भागातल्या खोलीचं भाडं टोपलीत टाकायचंच, नाहीतर मामा-मावशीची शहरं नेहमी वर येतात.

खोलीबद्दल नागपूरकराने एक खबरदारी घ्यावी. आपला कूलर कोरड्या हवेत चालतो. मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि कूलरने ओल आणखी वाढते, म्हणून नवतपा (मे अखेरचे तापलेले नऊ दिवस) काढलेला माणूसही तिथल्या ३४ अंशांना हैराण होतो. "आपल्याला सवय आहे" म्हणून बिनएसीची स्वस्त खोली घेतली, की रात्री झोप नाही आणि दुसऱ्या दिवशीचे सगळेच गुण एकेकाने खाली जातात.

बघण्यासारखं, आणि बंद असलेलं

इथे किती स्थळं आहेत हे मोजू नका, तीन दिवसांत नीट किती बघून झाली हे मोजा. आणि जाण्याआधी साप्ताहिक सुटी तपासा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नागपूरहून शुक्रवारी रात्री निघून सोमवारी रात्री परतण्याचा बेत सर्रास केला जातो, आणि दिल्लीत सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि अक्षरधाम बंद. कोलकात्यात सोमवारी इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद. मुंबईत सोमवारी घारापुरीची लेणी बंद, भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. हैदराबादचं सालारजंग आणि चेन्नईचं सरकारी संग्रहालय शुक्रवारी बंद, आग्र्याला ताजमहालही शुक्रवारीच. बंद दारापुढे उभं राहून शहराला कमी गुण देऊ नका, ती चूक बेताची. अशा वेळी रकाना कोरा सोडा आणि 'सोमवार' लिहून ठेवा.

रात्रीच्या परतीसाठी साडेनऊनंतर एकदा तरी सार्वजनिक वाहनाने किंवा ऑटोने मुक्कामी या. रस्त्यावर दिवे होते का, दुकानं उघडी होती का, शेवटची मेट्रो किती वाजता होती, वाहनवाल्याने नकार किती वेळा दिला. घरातल्या बायकांनी हे गुण स्वतः द्यावेत. पुरुषाने ५ दिलेल्या रस्त्याला त्याच रात्री बायकोने २ दिले, तर २ धरा.

महिना नावातच लिहा

'दिल्ली' अशी नोंद करू नका. 'दिल्ली, फेब्रुवारी, पहाडगंज मुक्काम' अशी करा. नोव्हेंबरची दिल्ली धुरकट असते, डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्याने उत्तरेच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. मुंबईला जुलै पावसाचा, चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर. कोलकात्याचे दुर्गापूजेचे दिवस निराळेच असतात: मंडप बघायचे तर त्याहून चांगली वेळ नाही, पण गर्दी इतकी की आठ किलोमीटरच्या चाचणीला अर्थ राहत नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, त्यामुळे मे महिन्यात नागपूरहून गेलेल्या माणसाला ते स्वर्गासारखं वाटतं, आणि त्या हवेचे गुण तो नकळत वाहतुकीलाही देऊन टाकतो. दोन वेगळ्या ऋतूंतल्या भेटी या दोन वेगळ्या नोंदी.

गुणांची बेरीज

सहा रकान्यांत एकूण २० वजन वाटा, कुणासोबत जाणार आहात त्याप्रमाणे. गुण गुणिले वजन, आणि बेरीज शंभरपैकी. नमुना म्हणून समजा दिल्लीला प्रवास ५, चालणं २, खाणं ४, बघण्यासारखं ५, खर्च ३, रात्र २ मिळाले आणि कोलकात्याला त्याच क्रमाने ४, ३, ५, ४, ५, ३. आई-वडिलांसोबतच्या सहलीसाठी वजनं ५, ५, ३, ३, २, २ धरली तर दिल्ली ७२ आणि कोलकाता ७८. इतिहास शिकणाऱ्या मुलीने पहिल्यांदा जायचं म्हणून ६, २, १, ८, १, २ धरली तर दिल्ली ८५ आणि कोलकाता ७८.

आता दुसरी पायरी, जी बहुतेक जण विसरतात. दोन शहरांतला फरक सगळ्यात मोठ्या वजनापेक्षा जास्त असेल तरच वर-खाली लावा. पहिल्या हिशोबात फरक ६ आणि मोठं वजन ५, म्हणजे एका रकान्यात एक गुण चुकला असला तरी कोलकाता पुढेच राहतं. दुसऱ्यात फरक ७ आणि मोठं वजन ८. कोलकात्याच्या 'बघण्यासारखं'ला ४ ऐवजी ५ दिले असते तर ते ८६ वर जाऊन पुढे गेलं असतं. म्हणून तिथे दोन्ही शहरं एकाच पायरीवर ठेवा, पहिला-दुसरा लावू नका.

पडताळणीसाठी जोड्या लावा. सहा शहरं असतील तर १५ जोड्या होतात, आठ असतील तर २८. प्रत्येक जोडीपुढे एकच प्रश्न: उद्याचं तिकीट हातात आलं तर यांपैकी कुठे जाल? ज्याला जास्त जोड्या मिळाल्या ते वर. ही यादी आणि गुणांची यादी शेजारी ठेवा. एखादं शहर दोन जागांहून जास्त सरकलं असेल तर गुण खोडू नका, वजनं तपासा. तुम्हाला खाणं जितकं महत्त्वाचं वाटतं त्यापेक्षा कमी वजन दिलेलं सापडेल, किंवा खर्चाला उगाच जास्त.

नोंद त्याच रात्री, झोपण्याआधी, दहा मिनिटांत करा. घरी परतून लिहिलेल्या नोंदीत शेवटचा दिवस आणि परतीची गाडी एवढंच उरतं. पाच वर्षांपेक्षा जुन्या नोंदीतला प्रवासाचा रकाना पुसून टाका: २०१७ च्या नोव्हेंबरआधीच्या हैदराबादेत मेट्रो नव्हती, आणि २०१९ च्या मार्चआधीच्या नागपुरातही नव्हती. खाण्याचा आणि बघण्याचा रकाना राहू दिला तरी चालतो, चारमिनार १५९१ पासून तिथेच आहे.

दर दोन वर्षांनी नागपूरचा दिवसही पुन्हा काढा. स्टेशन, चितारओळी, गांधी गेट, अजब बंगला, तीच वाट, तेच घड्याळ. अजब बंगलाही सोमवारी बंद असतो, तेव्हा मंगळवार धरा.